वायपरचे स्वस्त इलेक्ट्रिकल पार्ट: चार घेतले, तीन कामाचे निघाले

गाडीचा वायपर बिघडला आणि गॅरेजमध्ये नेला की उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं, पूर्ण मोटर बदला, आणि लिंकेज, म्हणजे मोटरपासून पट्ट्यांपर्यंतच्या दांड्या, त्यासकट असेंब्ली घेतली तर अजून बरं. मलाही तेच सांगितलं होतं. कंपनीच्या डब्यातल्या असेंब्लीची किंमत ऐकली आणि म्हटलं थांबा जरा, आपण आधी बघू स्वस्तात काय होतं ते. त्यानंतरच्या साधारण चार महिन्यांत मी एक नवी डुप्लिकेट मोटर, एक जुनी ओरिजिनल मोटर, कार्बनचा, म्हणजे मोटरच्या आत घासत करंट पोचवणाऱ्या तुकड्यांचा, सेट आणि एक इंटरव्हलचा, म्हणजे वायपर थांबून थांबून चालवणारा, रिले अशा चार गोष्टी घेतल्या, सगळ्या वापरून बघितल्या, आणि हा त्या चारही गोष्टींचा रिव्ह्यू आहे. चारही एकत्र लिहितोय कारण एकीचं कळल्याशिवाय दुसरीचं समजत नाही.

गाडी बारा वर्षांची. आधी असं व्हायला लागलं की वायपर बंद केला की तो खाली जाऊन बसायच्या ऐवजी काचेवर जिथे असेल तिथेच उभा राहायचा. मग हळू स्पीड कधी चालायचा कधी नाही, इंटरव्हलचंही तसंच. आणि एका रात्री मोठ्या रस्त्यावर जोराचा पाऊस असताना हळू स्पीड पूर्णच गेला, पट्ट्या बरोबर माझ्या डोळ्यासमोर उभ्या, बाबा शेजारी बसलेले, ते म्हणाले फास्ट लावून बघ, फास्ट लावला तर चालला. म्हणजे तीन तक्रारी एकदम, हळू स्पीड नाही, इंटरव्हल नाही, बंद केल्यावर जागेवर जात नाही, आणि फास्ट मात्र व्यवस्थित. घरी येईपर्यंत फास्टवरच चालवत आलो. जीव मुठीत धरून गाडी चालवणं काय असतं ते त्या रात्री कळलं, समोरच्या ट्रकचे दिवे फुटलेल्या काचेतून दिसावेत तसे दिसत होते. तेव्हापासून वायपर ही गोष्ट मी ब्रेकइतकीच महत्त्वाची मानतो.

आता पहिली चूक सांगतो. काहीही न तपासता मी ऑनलाइन नवी मोटर मागवली. ब्रँड नाही, डब्यावर फक्त गाडीचं मॉडेल लिहिलेलं, फोटोत कपलर, म्हणजे तारांचा प्लग, सेम दिसत होता, बोल्टची भोकंही सेम, आणि किंमत कंपनीच्या मोटरच्या जवळपास पाव. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, कारण तीच मोटर दहा वेगवेगळ्या नावांनी विकायला आहे. आली, लावली, स्विच दिला, फ्यूज उडाला. दुसरा फ्यूज टाकला, तोही उडाला. इथे एक सांगतो, फ्यूज उडतोय म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज टाकायचा मोह होतो आणि तो कधीच करू नका, फ्यूज तारेला वाचवायला असतो, मोठा टाकला की जळते ती तार, आणि ती डॅशबोर्डच्या आतून गेलेली असते.

मग मल्टीमीटर घेऊन बसलो तेव्हा कळलं की कपलरचा आकार सेम आहे पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा आहे. वायपरच्या साध्या मोटरला बहुतेक चार-पाच तारा असतात, हळू स्पीडची, फास्टची, अर्थिंगची, कायम सप्लायची आणि एक पार्किंगची. या पार्किंगच्या तारेचं काम फार छान आहे आणि ते समजलं की वायपरचे निम्मे बिघाड समजतात. मोटरच्या गियरच्या मागे एक चकती असते, तिच्यावर तांब्याची किंवा पितळेची पट्टी गोल फिरलेली असते आणि एका ठिकाणी ती तुटलेली असते. आपण स्विच बंद केला तरी या पट्टीतून मोटरला करंट मिळत राहतो, म्हणून वायपर पुढे चालत खाली येतो, आणि तुटलेली जागा आली की करंट बंद. इतकंच नाही, त्याच क्षणी मोटरची ती तार अर्थला जोडली जाते, त्यामुळे मोटर स्वतःच स्वतःला ब्रेक मारते आणि जागच्या जागी थांबते. तो ब्रेक लागला नाही तर मोटर जोरात असल्यामुळे ती जागा ओलांडून पुढे जाते, परत करंट मिळतो, परत फिरते, आणि वायपर बंदच होत नाही. आता विचार करा या पाचपैकी दोन तारा अदलाबदल झाल्या तर काय होईल, कायमचा सप्लाय सरळ अर्थला जातो. माझे दोन फ्यूज त्यातच गेले.

पिना काढून क्रम बदलला, मोटर चालली. पण चालली म्हणजे नुसती चालली. मी फोनवर घड्याळ लावून मोजलं, काच ओली करून, एका मिनिटात पट्टी किती वेळा जाऊन परत येते ते. हळूला ३१ आणि फास्टला ४०. हे बरं की वाईट हे कळायला एक माप हाताशी असावं म्हणून सांगतो, अमेरिकेत गाड्यांसाठी जो वायपरचा सुरक्षा नियम आहे, १०४ नंबरचा, त्यात किमान दोन स्पीड हवेत, एक मिनिटाला ४५ किंवा जास्त, कमी असलेला किमान २०, आणि दोघांत किमान १५ चा फरक असं लिहिलंय. म्हणजे ही मोटर ना ४५ ला पोचली ना १५ चा फरक ठेवू शकली. जोराच्या पावसात ४० वर काच साफ राहत नाही, पट्टी परत यायच्या आत समोरचं पुसट होतं. आणि दहा मिनिटं फास्टवर ठेवली तर मोटरचं कव्हर हात लावू देत नव्हतं.

तीन आठवड्यांत आवाज बदलला, घरघर यायला लागली. उघडून बघितली तर आत पाणी शिरलेलं, कव्हरखाली रबरचं सील नव्हतंच, पातळ कसला तरी गोंद फासलेला, आणि ओरिजिनल मोटरमध्ये जो छोटा थर्मल कटआउट असतो, म्हणजे पट्ट्या कशात अडकल्या आणि मोटर तापली की आपोआप करंट तोडणारा, तोही नव्हता. परत करायला गेलो तर विकणाऱ्याचं म्हणणं, तुम्ही कपलरच्या पिना काढल्यात, वॉरंटी गेली. पिना त्याने चुकीच्या लावलेल्या म्हणून मी काढल्या हे सांगून काही उपयोग झाला नाही. ही वस्तू मी कोणालाच घ्या म्हणणार नाही. पाचपैकी एक सुद्धा देत नाही. टायरची टोपी डुप्लिकेट घेतली तर काही बिघडत नाही, पण पावसात तुम्हाला रस्ता दाखवणारी वस्तू अशी नको.

दुसरी खरेदी, जुनी ओरिजिनल मोटर. मोडीत काढलेल्या गाड्यांचे पार्ट विकणारे असतात त्यांच्याकडून घेतली. याबद्दल लोकांच्या मनात शंका असते की जुनंच घ्यायचं तर आपलीच काय वाईट होती, पण बघा, गाडी मोडीत निघते ती बहुतेक वेळा अपघातामुळे नाहीतर इंजिनामुळे, वायपरची मोटर खराब म्हणून कोणी गाडी मोडीत काढत नाही. त्यामुळे तिथली वायपर मोटर चांगली असायची शक्यता बरीच असते आणि ती मूळ कंपनीनेच बनवलेली असते. मला ती डुप्लिकेटपेक्षाही कमी पैशात मिळाली.

घेताना काय बघितलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा खेळ इथेच आहे. सगळ्यात आधी माझ्या मोटरवरचा स्टिकर. गाडीचं मॉडेल सांगून पार्ट मागू नका, एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षी मोटर बदललेली असते, कधी फक्त कपलर बदललेला असतो. स्टिकरवर मोटर बनवणाऱ्या कंपनीचा नंबर असतो, कधी गाडीच्या कंपनीचा पण असतो, दोन्हींचा फोटो काढून न्या आणि आकडा अन् आकडा जुळवा, शेवटचं अक्षर वेगळं असेल तरी विचारा. दुसरं, स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या आणि डावीकडे असलेल्या गाडीची मोटर दिसायला जुळी असू शकते पण पार्किंगची जागा उलटी असू शकते, त्यामुळे परदेशातून आलेला माल असेल तर हे नक्की बघा.

मग मी त्या काकांना म्हटलं, काका, बॅटरीवर चालवून दाखवा. ते म्हणाले, चालतेच आहे की, घेऊन जा, नाही चालली तर परत आणा. मी म्हटलं परत येणं होत नाही काका, दोन मिनिटांचं काम आहे. दाखवली त्यांनी, आणि मनापासून दाखवली, मोटर शिकंजात धरून, तारेत फ्यूज टाकून. हे दोन्ही महत्त्वाचं आहे. ही मोटर दिसते मुठीएवढी पण वर्म गियरमुळे तिच्या शाफ्टला भयंकर जोर असतो, सुरू करताना ती हातातून उसळते, आणि लिंकेज जोडलेलं असेल तर बोट सापडलं की हाड मोडायची भीती. बोटं लांब ठेवा आणि तार लावणाऱ्यालाही सांगा.

हळूवर चालवली, फास्टवर चालवली, दोन्हीत फरक कानाला स्पष्ट कळला. शाफ्ट धरून हलवून बघितला, खेळ नव्हता. गियरच्या कव्हरच्या स्क्रूंवर गंज नव्हता, गंज असेल तर पाणी आत गेलंय असं धरून चाला. आणि एक गोष्ट मी आग्रहाने मागितली, कपलर मोटरच्या बाजूचा तर असतोच, पण गाडीच्या बाजूचाही कपलर वीतभर तारेसकट कापून द्या म्हटलं. तो त्यांनी वरून दिला, वेगळे पैसे घेतले नाहीत. माझ्या गाडीच्या कपलरमध्ये एक पिन हिरवी पडली होती, काँटॅक्ट क्लीनरने पूर्ण साफ होईना, तेव्हा हा तुकडा कामाला आला. नुसता कपलर नवा शोधायला गेलं तर मिळता मिळत नाही आणि मिळाला तर महाग.

बसवताना एक पथ्य पाळा. क्रँकची छोटी दांडी मोटरच्या शाफ्टवर नटाने आवळायच्या आधी मोटर गाडीच्या कपलरला लावून एकदा चालवा आणि स्विचने बंद करा, म्हणजे ती आपल्या पार्किंगच्या जागेवर येऊन थांबते, मग दांडी बसवा. काढताना जुन्या दांडीची दिशा मार्करने आखून ठेवा. नाहीतर पट्ट्या काचेच्या मध्ये पार्क होतात किंवा खाली बॉडीवर आपटतात.

ही मोटर हळूला ४३ आणि फास्टला ६३. बारा वर्षांपूर्वी बनलेली मोटर, आणि नव्या डुप्लिकेटला मागे टाकते. पार्किंग अचूक. पाचपैकी साडेचार, अर्धा कमी एवढ्यासाठी की आतले कार्बन किती उरलेत हे उघडल्याशिवाय कळत नाही. आणि एक मर्यादाही सांगायला हवी, हे सगळं साध्या मोटरबद्दल आहे. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत मोटरच्या आतच इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, गाडीच्या कॉम्प्युटरशी एका डेटाच्या तारेवर बोलणारं, काहींत दोन पट्ट्यांना दोन वेगळ्या मोटरी असतात. तिथे जुनी मोटर आणून लावली तरी कोडिंग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला ती मोटर ओळखून देणं, केल्याशिवाय ती नीट चालेलच असं नाही, आणि बॅटरीला थेट तारा लावून टेस्ट करणं तर चुकीचंच. तुमच्या मोटरच्या कपलरला जाड तारांबरोबर एखादी बारीक तार जाताना दिसली तर आधी कोणाला तरी जाणकाराला विचारा.

आता तिसरी खरेदी, आणि माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात चांगली. कार्बन.

जुनी मोटर लागली, गाडी चालायला लागली, मग माझी मूळची मोटर निवांत उघडली. आणि जे दिसलं त्याने मला खरंच हळहळ वाटली, की हे आधी का नाही बघितलं. या मोटरमध्ये तीन कार्बन असतात. दोन एकमेकांसमोर, त्यातला एक सामाईक आणि एक हळू स्पीडचा. तिसरा थोडा तिरका, बाजूला सरकवलेला, तो फास्टचा. करंट त्या तिरक्या कार्बनमधून दिला की आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरणाऱ्या भागाच्या, वाइंडिंगचे कमी वेढे मोटरला उलट रोखून धरतात, त्यामुळे तीच मोटर त्याच १२ व्होल्टवर जास्त वेगाने फिरते. गियर बदलत नाही, रेझिस्टन्स लागत नाही, नुसती कार्बनची जागा वेगळी. किती साधं आणि किती सुंदर काम आहे.

माझ्या मोटरचा हळू स्पीडचा कार्बन झिजून जेमतेम ३ मिलिमीटर उरला होता आणि स्प्रिंगने ढकलूनही कम्यूटेटरला, म्हणजे आर्मेचरवरच्या ज्या तांब्याच्या गोलावर कार्बन घासतो त्याला, टेकत नव्हता, फास्टचा मात्र जवळजवळ नवा, कारण फास्ट आपण वापरतोच किती. आणि आता बघा, इंटरव्हल चालतं हळू स्पीडच्या कार्बनवर. बंद केल्यावर वायपर खाली जातो तोही हळूच्याच कार्बनवर. म्हणजे त्या रात्रीच्या माझ्या तीनही तक्रारी या एका शेंगदाण्याएवढ्या तुकड्याच्या होत्या, इंटरव्हलला रिलेचाही त्रास होता ते नंतर कळलं. मोटर, गियर, चकती, मॅग्नेट, सगळं ठणठणीत. पूर्ण असेंब्ली बदला म्हणणाऱ्यांनी हे उघडून बघितलं असतं तर?

हे न उघडताही कळू शकलं असतं. मोटरचा कपलर काढायचा, इग्निशन चालू करून वायपर हळूवर ठेवायचा आणि गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये हळूच्या तारेवर मल्टीमीटर नाहीतर साधा टेस्ट लॅम्प लावायचा. लॅम्प पूर्ण पेटला तर फ्यूज, स्विच, रिले, तार सगळं ठीक, दोष मोटरमध्ये नाहीतर तिच्या अर्थिंगमध्ये. पेटलाच नाही तर मोटरला हातसुद्धा लावू नका, मागे जा. अजून एक जुनी खूण, स्विच चालू असूनही मोटर चालत नसेल तेव्हा तिच्या कव्हरवर पान्याच्या मुठीने हलकं टकटक केलं आणि ती चालायला लागली तर कार्बन संपलेत असं जवळजवळ धरून चालायला हरकत नाही. काही गाड्यांत मोटर मिळतीजुळती पण स्पीड अर्थिंगच्या बाजूने बदलतात, तेव्हा वायरिंगचं चित्र एकदा बघून घ्या.

कार्बन घेताना जुना तुकडा हातात घेऊन गेलो. लांबी झिजलेली असते तिचा विचार करायचा नाही, रुंदी आणि जाडी महत्त्वाची. बरोबर तेच माप नाही मिळालं तर थोडा मोठा घ्या आणि बारीक पॉलिश पेपरवर सगळ्या बाजूंनी सारखा घासा, पण होल्डर कधी कानसू नका. होल्डरमध्ये कार्बन अडकता कामा नये आणि हलताही कामा नये. काही मोटरींची कार्बन, स्प्रिंग आणि कटआउट बसवलेली आख्खी प्लेट तयार मिळते, ती मिळाली तर सोन्याहून पिवळं, सोल्डर करायचं काम वाचतं. मला सुटे मिळाले. सोल्डर करताना तांब्याच्या वेणीत सोल्डर वर चढू देऊ नका, वेणी कडक झाली की कार्बन मोकळा सरकत नाही आणि तुम्ही परत तिथेच.

कम्यूटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ केला, काळी एमरी वापरू नका, तिचे कण करंट वाहतात आणि फटींत बसतात, त्या फटी लाकडी टूथपिकने कोरून काढल्या. जुनं ग्रीस दगडासारखं झालेलं, ते काढून गियरला नवीन भरलं. जोडताना तीन गोष्टी जपा. आर्मेचरच्या टोकाला बारीक लोखंडी गोळी असू शकते, ती पडते आणि सापडत नाही. मॅग्नेट आर्मेचरला खेचून घेतात, बोट मध्ये येतं, कार्बन तुटतात, म्हणून कार्बन दोऱ्याने मागे ओढून बांधा आणि आर्मेचर बसल्यावर दोरा काढा. आणि मोटरचा लोखंडी डबा उघडायच्या आधी डबा आणि गियर केस दोन्हींवर एक आडवी रेघ मारा, कारण डबा अर्धा वळून उलटा बसला तर मॅग्नेटची दिशा उलटते आणि मोटर उलटी फिरते.

दोन तासांचं काम झालं. मोटर लावली, हळूला ४५, फास्टला ६४. जुनी घेतलेली काढून कापडात गुंडाळून स्पेअर म्हणून ठेवली. कार्बनच्या सेटला पाचपैकी पाच, आणि त्याची किंमत एका वेळच्या पेट्रोलच्या जवळपासही जात नाही.

चौथी वस्तू रिले. दोन्ही चांगल्या मोटरींवर हळू, फास्ट, पार्किंग सगळं झालं, पण इंटरव्हल कधी चालायचं, कधी एकदा मारून थांबायचं ते थांबलेलंच. दोन वेगळ्या मोटरींवर तोच प्रकार, म्हणजे मोटर नाही. माझ्या गाडीत इंटरव्हलचा रिले फ्यूज बॉक्सजवळ वेगळा आहे, सगळ्या गाड्यांत तसा नसतो, बऱ्याच गाड्यांत ते काम बॉडी कंट्रोलच्या मोठ्या युनिटच्या आत गेलंय. रिलेचं कव्हर दोन्ही बाजूंनी दाबून सरकवलं, आतल्या बोर्डवर जाड पायांभोवती सोल्डरला बारीक गोल तडे, भिंग लावल्यावर दिसले. तापणं, थंड होणं, हादरे, यानेच ते पडतात. परत सोल्डर मारलं आणि इंटरव्हल सुरू. फुकटात. दोन महिन्यांनी मात्र परत बंद, तेव्हा बघितलं तर काँटॅक्ट काळे पडून खड्डे पडलेले, मग नवीन घ्यायचं ठरवलं.

रिले घेताना नुसते पाय जुळतात म्हणून घेऊ नका. बऱ्याच रिलेंवर पायांजवळ आकडे असतात, १५ म्हणजे इग्निशननंतरचा सप्लाय, ३१ अर्थ, ५३ आणि त्याच्या पुढे अक्षर असलेले सगळे वायपरचे, जर्मन पद्धतीचे हे आकडे अनेक कंपन्या वापरतात. आकडे आणि त्यांच्या जागा दोन्ही जुळायला हव्यात, शिवाय रिलेच्या डोक्यावरचा पार्ट नंबर. साधा चार पायांचा दिव्यांचा रिले इथे चालत नाही, कारण इंटरव्हलच्या रिलेत वेळ मोजणारं सर्किट असतं. त्याची गोष्ट मला फार आवडते. रॉबर्ट कर्न्स नावाच्या अमेरिकन इंजिनियरने वायपर पापणीसारखा अधूनमधून का मिटू नये असा विचार केला आणि ट्रान्झिस्टर, कंडेन्सर, रेझिस्टन्स असे साधे पार्ट वापरून सर्किट केलं, कंडेन्सर म्हणजे वीज साठवणारा पार्ट, तो भरायला जितका वेळ लागतो तितका वायपर थांबतो. १९६४ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला, पुढे मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांत तसे वायपर आले आणि तो वर्षानुवर्षं कोर्टात लढला, १९९० मध्ये फोर्डने १ कोटी २ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. हे सगळं आठवायचं कारण, जुन्या रिलेत हाच कंडेन्सर वाळला की थांबायचा वेळ बदलतो, वायपर भलत्याच वेळी मारतो, आणि सोल्डर करता येत असेल तर तो एकटा बदलता येतो.

मी रिले घेतला तो गाडीच्या कंपनीच्या डब्यातला नाही, रिले बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या डब्यातला. आतला माल तोच, माझ्या जुन्या रिलेवर जे नाव होतं तेच नाव. हे मोटरलाही लागू आहे, बॉश, व्हॅलिओ, डेन्सो या कंपन्या वायपरच्या मोटरी बनवून गाड्यांच्या कंपन्यांना देतात, आणि तीच मोटर त्यांच्या नावाच्या डब्यात मिळाली तर बहुतेक स्वस्त पडते. नवीनच घ्यायची असेल तर या वाटेने जा, फक्त दुकान ओळखीचं असू द्या कारण डबेही नकली निघतात. रिलेला पाचपैकी चार. काम चोख करतो, एक कमी कारण जुन्यात थांबायचा वेळ कमीजास्त करता यायचा, यात एकच ठरलेला आहे, आणि तो मला रिमझिम पावसाला जरा जास्त घाईचा वाटतो.

एक राहिलं, अर्थिंग. यावर पैसा लागत नाही म्हणून कोणी बघत नाही. दोन्ही स्पीड मंद असतील, पट्ट्या दमल्यासारख्या चालत असतील तर मोटर चालू ठेवून मल्टीमीटरची एक तार मोटरच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर लावा. ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थचा बोल्ट काढा, खालचा रंग-गंज खरवडा, परत आवळा. बाबांच्या गाडीत ०.९ दाखवत होतं. तो एक बोल्ट साफ केला आणि त्यांना वाटलं मी नवीन मोटर टाकली. ते सारखे म्हणत होते किती झाले सांग, मी सांगतोय काहीच नाही बाबा, तरी पटत नव्हतं. आणि काचेखालची प्लास्टिकची जाळी काढाल तेव्हा आतला पालापाचोळा पण काढा, तिथली पाणी जायची भोकं तुंबली की मोटर पाण्यातच बसते, मग ती कोणाचीही असो.

कार्बनचे अजून दोन सेट घेऊन ठेवलेत. ताईच्या गाडीचा मागचा वायपर बंद आहे. तिच्यात काचेवर पाणी मारायची नळी मोटरच्या शाफ्टमधूनच गेलेली आहे आणि सील गेलं असेल तर ते पाणी थेट मोटरच्या आत उतरतं, तिच्या डिकीच्या दरवाजाच्या आतून वॉशरच्या पाण्याचा वास येतोय त्यावरून तरी तेच वाटतंय. ती नवीन मोटर मागवणारच होती. तिला म्हटलंय ताई, रविवारपर्यंत थांब, आधी उघडून बघू.